चार श्वास

पाण्याखाली श्वास घ्यायचा असतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एका मालवणी माणसानं सांगितलं. आम्ही जातीचे धिवर. आमच्यात पोरगं नीट चालायला लागायच्या आधी पाण्यात पडलेलं असतं. मला कुणी पाणी शिकवायला लागलं की माझं डोकं उठायचं. पण ते शिकवणारे दिनेश सर सांगत होते आणि मी मुकाट्यानं ऐकत होतो, कारण आताशा मला राग यायलाही उशीर लागतो. येतो येतो म्हणतो आणि येतच नाही.

जिल्ह्याच्या आपत्ती पथकासाठी बारा जणांना पाठीवर हवेची टाकी लावून बुडी मारायला शिकवायचं होतं. आधी आठ दिवस चंद्रपूरला पोहण्याच्या तलावात, मग घुग्घुसजवळ एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत. कोळसा संपला, माणसं गेली आणि खड्ड्यात पाणी साचत राहिलं. काठावरून ते निळं दिसतं आणि लोक भुलतात. आमच्या वर्धा नदीचं पाणी गढूळ असलं तरी त्याचा स्वभाव कळतो, ह्याचा कळत नाही. बारा जणांत माझं नाव होतं, कारण ते माझ्या पुतणीनं परस्पर दिलं होतं.

पुतणी म्हणजे करिष्मा, माझ्या मोठ्या भावाची, रामाजीची पोरगी. बावीस वर्षांची आहे आणि बापासारखीच आधी करते, मग सांगते.

"काकाजी, खाली दोघं दोघं जा लागते. जोडीनं. मी तुमचं नाव देल्लं."

"मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं. बाबाचा दोर तुमी धरत होते. तुमच्याबिगर मी कोनावर भरोसा ठेवू?"

त्या दोराबद्दल मला काय ठाऊक होतं ते तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

नदीत, तळ्यात माणूस बुडालं आणि सापडलं नाही की पोलीस धिवरांना बोलावतात. आमच्या भागात ते काम रामाजी आणि मी करत होतो. रामाजी खाली जायचा, मी काठावर दोर धरायचो. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला. ह्या कामाचा एक नियम बापानं आम्हाला दिला होता आणि त्याला त्याच्या बापानं: खाली जाणाऱ्यानं श्वास भरला की वरच्यानंही भरायचा आणि धरून ठेवायचा. बोलायचं नाही, खोकायचं नाही. आपला जीव घाबरा झाला की समजायचं, त्याचाही झाला. मग ओढायचं. घड्याळाचं काम नाही. आम्ही दोघं भाऊ एकाच डोहात वाढलो, आमचा दम सारखाच होता.

तीन वर्षांपूर्वी अहेरीकडे प्राणहितेत एक जवान पोरगा बुडाला म्हणून आम्हाला गाडी पाठवून नेलं. काठावर ही गर्दी. रामाजी दोनदा खाली गेला, दोनदा मी त्याला ओढला. दुसऱ्यांदा वर आला तो तापूनच. "हाताले शर्ट लागला होता बे! काऊन ओढतं असा घाईघाईनं? दम नाई तं घरी बसत जाय!" लोक हसले. चाळीस वर्षांच्या माणसाला तो भर गर्दीत लेकरासारखं बोलला. तिसऱ्यांदा तो गेला, मी श्वास धरला, आणि माझा दम संपला तेव्हा मी ओढलं नाही. श्वास घेतला. मनात म्हटलं, राहा आता किती राहायचं ते. मग आणखी एक घेतला. असे चार घेतले. चौथ्यानंतर ओढलं तर दोर येईना. खाली बाभळीचं खोड होतं, त्यात रामाजी गुंतला होता.

ज्याला शोधायला गेलो होतो तो पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप वर आला.

मी सगळ्यांना सांगितलं, वेळेवर ओढलं. कुणी शंकाही घेतली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मी अशी काही झाकली की मग उघडताच येईना. रडू आलं नाही. वाटलं, तेरवीला येईल. तेरवीलाही आलं नाही. मग हळूहळू बाकीचंही यायचं बंद झालं. मिरची तिखट लागेना. एकदा चुलीवरचा उकळत्या पाण्याचा गंज नुसत्या हातानं उचलला, बोटं भाजल्याचं मला वासावरून कळलं. लोक म्हणाले, गोपाल सावरला. सावरला कसला, बधिर झाला. पण लोकांना बधिर माणूस सोयीचा असतो, तो काही मागत नाही.

तर पोहण्याच्या तलावातला पहिला धडा सोपा होता. तोंडात रबराची नळी धरायची, खाली बसायचं आणि घरी घेतो तसा श्वास घ्यायचा. दिनेश सर पुन्हा पुन्हा सांगत होते, "काहीही होऊ दे, श्वास रोखायचा नाही. खाली भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. छातीत कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटेल." आमच्यात पुनम नावाची घुग्घुसचीच एक पोरगी होती, मागच्या साली पोहायला शिकलेली. ती खाली बसून चूल फुंकावी तसे बुडबुडे सोडत राहिली. मी नळी तोंडात घेतली, खाली गेलो आणि सवयीनं दम धरून बसलो. दोन मिनिटं झाली तेव्हा सरांनी मला काखेत हात घालून वर काढलं.

"गोपालभाऊ, टाकीत हवा कुणासाठी भरली आहे?"

"राहू द्या ना, सर. नाई लागली."

सगळे हसले. मला वाटतं मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. सरांनी बाजूला घेऊन विचारलं, भीती वाटते का. मी म्हटलं, धिवराले पान्याचा कायचा भेव? पण पाण्याखाली श्वास घ्यायला गेलं की माझी छाती आतून कडी लावून घेत होती. मी दोर हातात असताना श्वास घेतला होता आणि खालचं माणूस मेलं होतं. छातीला हे पक्कं ठाऊक होतं, तिला कोण समजावणार? शेवटी सर माझ्यासमोर बसले, त्यांनी माझ्या पोटावर हाताचा तळवा दाबून धरला आणि हवा बाहेर काढायला लावली. नाक दाबलं की तोंड उघडतं, तसं ते झालं. मी एक श्वास घेतला, दोन घेतले, तीन घेतले. चौथ्याच्या आत वर आलो. पुढचे चार दिवस माझी मजल तीनच्या पुढे गेली नाही.

"खाणीत दहा मीटरवर दहा मिनिटं राहायचं आहे," सर म्हणाले. "तिथे तीन श्वासांत भागणार नाही. तुम्हाला जमलं नाही तर तुमचं नाव कमी करावं लागेल. आणि जोडी फुटली की करिष्मालाही पुढच्या तुकडीपर्यंत थांबावं लागेल."

पुढची तुकडी कधी निघेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं. करिष्मानं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, जणू काही झालंच नाही. तिचा हा भरवसा मला जड जात होता. तिला सांगून टाकावं असं मी रोज ठरवत होतो. पण रोज गाडी घराशी यायची आणि मी म्हणायचो, जेवायले काय हाये पाय.

खाणीवर आमची पाळी सकाळी दहाला आली. तराफ्यावरून खाली जाड दोर सोडला होता, तो धरून उतरायचं. करिष्मा माझ्यासमोर होती, चेहऱ्यासमोर चेहरा. दोन मीटरवर मी एक श्वास घेतला, चारवर दुसरा. तिथे पाणी एकदम गार झालं. बोचत असेल, मला नुसतं कळलं की गार आहे. सात मीटरच्या आसपास तिसरा घेतला. मग छातीनं कडी लावली.

तळ दिसायला लागला होता. ट्रक उतरायचा जुना रस्ता आणि त्याच्या कडेला विजेचा एक खांब, जसाच्या तसा उभा. करिष्मानं अंगठ्याला बोट जुळवून विचारलं, ठीक? मीही बोट जुळवलं. खोटं बोलायला तोंडच लागतं असं नाही. आम्ही तळाशी गुडघे टेकले. तिचे बुडबुडे वर चालले होते, माझे नव्हते. दिनेश सर थोडे पलीकडे दुसऱ्या जोडीजवळ होते.

माझा दम लांब आहे. मी तिच्याकडे पाहत बसून राहिलो. मग दम सरत आला, पोट आत ओढलं जायला लागलं, कानात ढोल वाजायला लागले. आणि वीस वर्षांची सवय हातात होती. आपला जीव घाबरा झाला की समोरच्याचाही झाला. मी करिष्माचं जॅकेट दोन्ही हातांनी धरलं आणि तिला वर ओढायला लागलो.

तिला मी चार हात वर आणलं. तिनं एका हातानं दोर घट्ट पकडला आणि डोकं जोरजोरात हलवलं. मी ऐकत नव्हतो. मला एवढंच कळत होतं की वेळ झाली आणि ह्या वेळी वेळेवर ओढायचं. छातीत कोंडलेली हवा, फुप्फुस, सरांनी शंभरदा सांगितलेलं, सगळं गाढवापुढची गीता झालं. तेव्हा तिनं मोकळ्या हाताची मूठ वळली आणि माझ्या पोटात बुक्की मारली.

हवा गेली, सगळी. आणि ती गेल्यावर छाती मला विचारायला थांबली नाही. तिनं आपणहून श्वास ओढला.

तो चौथा होता. मी करिष्माकडे पाहत राहिलो. ती डोळे मोठे करून बुडबुडे सोडत होती. मग पाचवा आला, मग सहावा. ती होतीच. मी श्वास घेत होतो आणि खालचं माणूस मरत नव्हतं. आणि तेव्हा मला भीती वाटली. आजवर नव्हती असं नाही, आजवर ती कुठेतरी निपचित पडून होती. आता ती पायांतून वर आली. पाणी भयंकर गार होतं, ते दातांत शिरलं, हाडांत शिरलं. चष्म्याच्या आत पाणी साचायला लागलं, ते खाणीचं नव्हतं. करिष्मानं माझं मनगट धरून ठेवलं. सर आले, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मी बोट जुळवून दाखवलं. ह्या वेळी खरं होतं. दहा मिनिटं भरेपर्यंत आम्ही त्या खांबाशी बसलो आणि मग सावकाश वर आलो.

काठावर सरांनी मला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. आपल्या जोडीदाराला असं ओढणं म्हणजे जीव घेणं, पुन्हा असं झालं तर पथकातून काढून टाकीन, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण शेवटची सात मिनिटं तुम्ही छान श्वास घेतलात." मी हो म्हटलं. दात वाजत होते.

करिष्मा बाजूच्या दगडावर बसून पायांतले रबरी पंख काढत होती. "काकाजी, तुमी मले काऊन वर ओढून राह्यले होते?"

आता सांगितलं नाही तर मी मरेपर्यंत सांगणार नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मी सांगितलं. दोराचा नियम तिला माहीत होताच. बाकीचं सांगितलं.

ती एका पायातला पंख हातात धरून ऐकत राहिली. "रागानं घेतले श्वास?"

"हो. रागानं."

"किती?"

"चार."

"बाबा काय बोलला होता तुमाले?"

"दम नाई तं घरी बसत जाय."

"तो मलेबी असाच बोलत होता," ती म्हणाली. दुसऱ्या पायातला पंख तिनं काढला, दोन्ही एकावर एक ठेवले. "उद्या मी पुनमसंग जाईन खाली. तुमच्यासंग नाई जाणार."

"बरं," मी म्हटलं.

ते मला लागलं. छातीत मधोमध लागलं, आणि मी चक्क तिथे हात नेला. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं.

परत जाताना नेहमीसारखी ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसली. नेहमी ती माझ्या खांद्यावर हात ठेवते, त्या दिवशी तिनं मागची कॅरियरची कडी धरली. रस्त्यावर कोळशाचे ट्रक होते, शिफ्ट सुटलेली माणसं गाड्यांवरून चालली होती. धुळीनं डोळे चुरचुरत होते आणि मी ते पुसत होतो. गावाच्या वळणावर ती म्हणाली, "थांबवा."

मी गाडी बाजूला घेतली. ती उतरली नाही. मागूनच बोलली.

"आईले मी नाई सांगत. तुमी सांगा. आजच."

"आज नाई जमणार मले, पोरी."

"तीन साल झाले, काकाजी. अजून किती धरून बसान?" मग जरा थांबून म्हणाली, "मी बसते तुमच्या बाजूले. पण सांगा लागते."

वहिनी अंगणात जाळ्याचं भोक सांधत बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. करिष्मा म्हणाल्याप्रमाणे माझ्या बाजूला बसली, थोडं अंतर ठेवून. वहिनीनं विचारलं, "भेव लागला का, भाऊजी, पान्यात?"

"लागला," मी म्हटलं. "पण तो पान्याचा नोता, वहिनी."

आणि मी पहिल्यापासून सांगितलं. गर्दी, रामाजीचं बोलणं, माझा राग, चार श्वास. मध्ये आवाज फुटला, तरी थांबलो नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल, हातातलं काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हातातली सुई जाळ्यात खोचून ठेवली आणि जाळं मांडीवरून खाली सारलं.

"त्या दिवशी सकाळी मी त्याले भात वाढला होता," ती म्हणाली.

मला कळेना ती काय सांगते आहे.

"बुडी मारणाऱ्याले उपाशी पाठवा लागते. माह्या सासूनं मले लगनाच्या सालीच सांगून ठेवलं होतं. पण अहेरी लांब, त्याले भूक लागली होती, मी म्हटलं खाऊन घ्या. पोटभर वाढला. तो वर नाई आला तं मी समजली, माह्या भातानं जड झाला." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "तवापासून मी भात नाई खाल्ला. एक शीतबी नाई. तुमी पाह्यलं नाई का, भाऊजी?"

पाहिलं नव्हतं. तीन वर्षं मी रोज एकाच घरात, एकाच चुलीपाशी तिच्या हातचं जेवत होतो आणि एकदाही तिच्या ताटाकडे पाहिलं नव्हतं.